अकोल्याची राखीव प्रत

अमरावतीच्या एका रक्तपेढीत मी संगणकांचं काम पाहते. आमची दुसरी शाखा अकोल्याला आहे. कोणाला कोणतं रक्त दिलं, कोणाला कोणतं चालत नाही, ही सगळी माहिती अमरावतीच्या सर्व्हरवर असते आणि तिची नक्कल रोज आपोआप अकोल्याच्या एका मशीनवर जाते. इथलं बंद पडलं तर तिथलं चालू करायचं, म्हणून ते मशीन राखीव. त्यावर एरवी कोणी काम करत नाही.

एका मे महिन्यात सॉफ्टवेअर कंपनीचं पत्र आलं. आमचं सॉफ्टवेअर किती मशीनवर आहे ते कळवा, असं त्यात लिहिलं होतं. आमच्याकडे लायसन्स एकाच सर्व्हरचं. दोन ठिकाणी आहे म्हणजे एक चोरीचं, असा मी सरळ अर्थ लावला. चाळीस पानी इंग्रजी करार कपाटात होता, पण तो उघडायचा धीर झाला नाही. अकोल्याच्या तंत्रज्ञ ताईंना फोन केला. त्या माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या.

"ताई, राखीव मशीनवरचं सॉफ्टवेअर आजच काढून टाका."

"बरं जी," त्या म्हणाल्या.

मी कंपनीला लिहून टाकलं: एकाच सर्व्हरवर आहे. आणि विषय डोक्यातून काढला.

आठ दिवसांनी सकाळी लाईट तीनदा गेली, तीनदा आली. त्यानंतर आमचा सर्व्हर उठलाच नाही. डिस्क गेली होती. बाहेर बाकावर वरूडची एक मुलगी वडिलांसोबत बसली होती. थॅलेसेमिया असल्यामुळे तिला दर महिन्याला रक्त लागतं. इतकी वर्षं रक्त घेऊन तिच्या अंगात असं काही तयार झालंय की गट जुळला तरी प्रत्येक रक्त चालत नाही. काय चालतं आणि काय नाही, ती यादी संगणकात होती. पुन्हा सगळ्या तपासण्या करायच्या म्हटलं तर अख्खा दिवस गेला असता, आणि मुलगी तर भिंतीला डोकं टेकून डोळे मिटून बसलेली.

"किती वेळ लागन जी?" वडिलांनी विचारलं.

"पाहते," मी म्हणाले. नक्कल अकोल्याला होती, पण ती उघडणारं सॉफ्टवेअर मीच काढायला लावलं होतं. तरी फोन केला.

"ताई, ते मशीन... त्यावर आता काहीच नसेल ना?"

ताई म्हणाल्या, "मॅडम, रागावू नका. मी ते काढलंच नाही."

"काहून?"

"अवो, मशीन रोज माहिती घेऊन राहिली. कराराचा कागद पाह्यल्याबिगर कसं काढू? म्हनलं, तुमी इकडे आल्या का इचारीन. मंग राहूनच गेलं."

"ताई, चालू करा. लगेच."

वीस मिनिटांत अकोल्याहून मुलीची यादी आली. आमच्या फ्रीजमध्ये तिला चालणाऱ्या दोन पिशव्या निघाल्या. दुपारी तिच्या हाताला नळी लागली तेव्हा वडील पहिल्यांदा चहा प्यायला उठले.

माझा जीव मात्र अजून टांगणीलाच होता. आता दुसरी प्रत खरोखरच वापरात होती, आणि मी एकच आहे असं लेखी दिलं होतं. शेवटी करार काढला. अठराव्या पानावर ते सापडलं. मुख्य सर्व्हर बिघडल्यास वापरण्यासाठी एक राखीव प्रत ठेवता येईल, तिला वेगळं लायसन्स लागणार नाही. एरवी तिच्यावर काम करायचं नाही. बिघाड झाला तर दुरुस्ती होईपर्यंत ती चालवता येईल, फक्त कंपनीला कळवायचं. मी तो परिच्छेद तीनदा वाचला.

मग कंपनीला फोन लावला आणि सगळं सांगितलं, खोटं लिहिलेलंसुद्धा.

फोनवरच्या बाईंनी ऐकून घेतलं. "मॅडम, हक्काची प्रत तुम्ही लपवलीत कशाला? नवं पत्र पाठवा, दोन्ही मशीन लिहा. आज किती वाजता सुरू केलं तेही लिहा, आणि मुख्य सर्व्हर उठला की राखीव बंद केल्याचं कळवा. बस."

मी ते पत्र लगेच लिहिलं. त्यानंतर ताईंना सांगितलं तेव्हा त्या मोठ्यानं हसल्या.

"म्हंजे मी कायद्यातच होती का?"

"तुम्ही होता. मीच नव्हते."

संध्याकाळी पाचला वरूडची मुलगी बाहेर आली. ओठांवर रंग आला होता. भूक लागली म्हणून ती वडिलांच्या मागे लागली, आणि दोघं फाटकाबाहेरच्या आलुबोंड्याच्या गाडीकडे गेली.