भाऊराव काकांचा उरलेला डोळा

अमरावतीच्या डोळ्यांच्या दवाखान्यात भाऊराव काका आधी चेहरा माझ्या चेहऱ्याला भिडवत आणि मग विचारत, "कोन, अकोल्याचे साहेब काय?" चाळिशी ओलांडल्यावर मी आळशी डोळ्याचा इलाज सुरू केला होता. चांगल्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे आळशाला मुकाट कामाला लागावं लागतं. काका पट्टी चाचपत म्हणत, "तुमी झाकून तं राह्यले! मले झाकाले दुसरा उरलाच नाही."

त्यांचा चांगला डोळा संत्र्याच्या काट्यानं नेला होता. उरला तो जन्माचा आळशी. चांदूर बाजारकडे जंबेरी लिंबाच्या रोपावर संत्र्याचं कलम बांधावं तर त्यांनीच, अशी ख्याती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "या वयात थोडंच सुधारेल." काका म्हणाले, "थोडंच पायजे, बाई. साल कुठं चिरली ते दिसलं, बस झालं."

एकदा मी पट्टीसकटच स्टँडवर गेलो, ऐटीत खिडकीतून सीटवर रुमाल टाकला आणि जाऊन बसलो. गाडी सुटल्यावर शेजारून काका म्हणाले, "जागा झकास धरली, साहेब. पन हे गाडी चांदूर बाजारची हाय."

"मग आधी काहून नाही सांगितलं?"

"मले वाटलं, माह्या घरी येऊन राह्यले!"

गेलोच मग. घरामागे रोपांची रांग होती आणि काकांनी बांधलेली कलमं वाळून काड्या झाली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, राहू द्या न आता. मी बांधतो."

"तू बांधशीन, अन् मी काय बुजगावनं म्हनून उभा राहू?"

ते खाली बसले. नाक रोपाला टेकलेलं. चाकू घसरला, अंगठ्यातून रक्त आलं. धोतराला पुसून पुन्हा चाकू धरला. मला बघवेना म्हणून, की नीट बघावं म्हणून, मी पट्टी उचलली. चिकटपट्टीचा आवाज झालाच. काका मान न वळवता म्हणाले, "कॉपी नाही करायची, साहेब!"

काही महिन्यांनी दवाखान्यातल्या अक्षरांच्या पाटीवर माझा आळशी डोळा दोन ओळी खाली उतरला. तेवढ्यावर मी अकोलाभर मिरवलो.

काका जाऊन आता वर्ष होईल. त्याआधीच्या दिवाळीत त्यांचा फोन आला होता.

"साहेब, फुटलं!"

"काय फुटलं, काका?"

"कलम! दोन पानं हायेत. एक जरासं वाकडं हाय."

"कोणी सांगितलं?"

"सांगते कोन? मले दिसलं."