कोळी समुद्रात का गेला?

सातवीच्या चाचणीत मुद्द्यांवरून गोष्ट लिहायचा प्रश्न हमखास असायचा. मुद्दे हेडमास्तर स्वतः काढायचे. त्या वर्षीचे असे: गरीब कोळी – आषाढाचे दिवस – होडी समुद्रात – जाळे भरले – आणखी हाव – होडी बुडाली – तात्पर्य. या गृहस्थांचा जन्म अंधेरीत गेला. आषाढात वर्सोव्याच्या होड्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली झाकलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेआधी त्या कुणी पाण्यात लोटत नाही, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं!

माझ्या वर्गात वर्सोव्याची एक मुलगी होती. गोष्ट नुसती पाठ करू नका, प्रत्येक प्रसंगाला 'का?' विचारा, ती कुठे वळते ते शोधा, असं मी वर्षभर मुलांच्या मागे लागले होते. तिने ते मनावर घेतलं. तिने लिहिलं, की आषाढात कोळी सुखासुखी होडी काढत नाही. हा निघाला, कारण घरात पोर तापाने फणफणलं होतं आणि चूल पेटली नव्हती. गोष्ट तिथेच वळली, जाळ्यापाशी नाही. म्हणून हाव वाईट वगैरे तात्पर्य तिने लिहिलंच नाही.

मी खुशीत होते. हेडमास्तरांनी त्या गोष्टीला शून्य दिलं आणि पोर मराठीत नापास झाली. चाचणीत नापास झालेल्याला ते वार्षिक परीक्षेला बसू देत नसत. तिच्या बापाने तर आधीच बजावलं होतं, नापास झालीस तर शाळा बंद, आईबरोबर मासळीची पाटी घेऊन बाजारात बसायचं.

माझं डोकंच फिरलं. तडक त्यांच्या खोलीत गेले.

"सर, तिने केलं ते मी शिकवलेलं. शून्य मला द्या."

"बाई, दिलेले मुद्दे फुलवायचे. पोरं गोष्टीलाच जाब विचारायला लागली तर शाळा कशी चालवायची?"

"आषाढात होडी काढणारा एक कोळी दाखवा मला."

"गोष्टीत काढतात," ते म्हणाले आणि चहा मागवला.

दुसऱ्या दिवशी मी आठवीवर असताना त्यांनी तिला खोलीत बोलावून तीच गोष्ट पुन्हा लिहून घेतली. हाव, होडी, तात्पर्य, सगळं जागच्या जागी. दहापैकी नऊ गुण! सर किती दयाळू, असं शिक्षकांच्या खोलीत जो तो म्हणत होता. मला त्या दयेचा इतका संताप आला, की डबा तसाच घरी नेला.

पोर परीक्षेला बसणार होती, हे खरंच. तेवढ्यासाठी मी गप्प राहिले.

त्याच आठवड्यात वर्गात नवी गोष्ट वाचली आणि नेहमीसारखं विचारलं, ही कुठे वळली? हात वर झाले. तिचा नव्हता. मी तिलाच उठवलं. ती उभी राहिली, पुस्तक मिटलं आणि अगदी शहाण्यासारखं म्हणाली,

"बाई, तुमाला कंचं उत्तर पायजे?"