पदराखालचे हात

वैशाखरे गावात आमच्या शेजारी एक सुईण राहते. अडलेल्या बाईशी ती सारखी बोलत राहायची, "दम धर गो बाय, झालंच." पण तिची स्वतःची लेक तिच्याच हाताखाली बाळंतपणात गेली. तेव्हापासून कुणी बोलवायला आलं, की ती हात पदराखाली घ्यायची.

यंदा आमची म्हैस अडली. डॉक्टर मुरबाडहून यायला वेळ होता. मी सुईणीच्या दारात गेले.

"काकी, चला ना."

"माझ्यानं नाय व्हायचं," म्हणाली, आणि तरी आली. गोठ्यातही हात पदराखालीच होते. मग ती म्हशीशीच बोलू लागली, "दम धर गो बाय." बोलता बोलता हात पदराखालून निघाले, कामाला लागले. रेडकू जिवंत बाहेर आलं.

आम्ही हसत होतो. ती कितीतरी वेळ हात धूत बसली.

"लेकीच्या टायमाला बी हेच हात व्हते गो," म्हणाली.