बाबांनी माईक हातात घेतला

आमच्या धानाच्या मुलखात, झाडीपट्टीत, मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी सरली की गावोगाव पाळीपाळीनं मंडई भरते. दिवसा जत्रा, रात्री नाटक आणि घराघरात पाहुण्यांची झुंबड. खरा कार्यक्रम मात्र वेगळाच असतो. पोरं-पोरी दाखवायच्या, सोयरिकी जमवायच्या. जमली की माईकवर पुकारायची. मंडईत पुकारलेला शब्द आमच्याकडे कुणी फिरवत नाही. फिरवलाच, तर पुढच्या मंडईला त्याच्या घरी पाहुणा पाय ठेवत नाही.

नेमकी अशा दिवसांत मी व्हिएतनामचा विषय घेऊन गावी गेले. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय!

मी ऊर्जानगरला शाळेत शिकवत होते. नोकरी सोडून वर्षभर व्हिएतनाम फिरायचं, उत्तरेकडून सुरुवात करून हळूहळू खाली उतरायचं, मधे धानाच्या गावांत मुक्काम करायचा, व्हिसा संपत आला की शेजारच्या लाओसमध्ये जाऊन नवा काढायचा, इथवर माझं ठरलं होतं. तिकीट तेवढं बाकी होतं. बाबा हो म्हणाले की काढू. बाहेर मी कुणाच्या बापाला भीत नाही; स्वतःच्या बापापुढे मात्र दातखिळी बसते.

म्हणून आधी आईला सांगितलं. "तू चूप राह्य. मी सांगतो त्याहिले," आई म्हणाली. तिनं सांगितलं आणि बाबा गप्प झाले. ओरडले असते तर परवडलं असतं. जेवायचे, शेतात बांधीवर जायचे, धान पाहून यायचे. माझ्याकडे मात्र बघायचेच नाहीत.

मंडईच्या दुपारी आत्या आली. तिच्यामागे आरमोरीकडचे पाहुणे, आणि त्यांच्यात एक कडक इस्त्रीतला पोरगा. आत्यानं मला आत नेऊन साडी नेसायला लावली. "सरकारी नोकरी हाये पोराले. नशीब काढलं तू!" मी धावत चुलीकडे गेले. आई लाखोळीच्या डाळीचे वडे तळत होती.

"बाबा कुठी हायेत?"

"गेले मंचाकडे. तुह्याबद्दल माईकवर सांगाचं हाये म्हणे."

झालं! मला न विचारता माझी सोयरीक पुकारायला निघाले! मी साडीचा बोंगा धरून पळत सुटले. जत्रेतल्या पाळण्याजवळ पोचले आणि भोंग्यातून बाबांचा आवाज आला.

"मंडळी, पोरीबद्दल सांगाचं हाये."

मी जागीच थिजले.

"माही पोरगी आता सालभर व्हिएतनामले चालली. नोकरीसाठी नाई, शिकासाठी नाई. फिराले जाऊन राह्यली. मी हो म्हटलं हाये. सोयरिकीचं ते आल्यावर पाहू. बस."

माझा कानांवर विश्वास बसेना. खाजेवाल्याचा झारा कढईवर तसाच राहिला. शेजारची एक म्हातारी छातीवर हात ठेवून म्हणाली, "फिराले? सालभर? अवं माय!" आणि माझ्यामागे धापा टाकत आलेली आत्या किंचाळलीच, "नाक कापलं ना भाऊ! पाहुण्याले काय तोंड दाखवू मी?"

बाबा मंचावरून उतरले. आनंद-बिनंद मला काही झाला नव्हता, मी रागानं त्यांची वाटच अडवली. "बाबा, मले एका शब्दानं सांगतलं काऊन नाई?"

त्यांनी दुपट्ट्यानं कपाळ पुसलं. थंडीचे दिवस आणि माणूस घामानं निथळत होता.

"घरी तोंड उघडाले गेलो का तोंडात 'नाई'च येऊन राह्यलं होतं," ते म्हणाले. "काल आलं, आज सकाळीबी आलं. तू तिथी एकटी, आजारी पडली त कोण? रात्रभर तेच. मंग म्हटलं, मंडईत बोलून टाकाव. आता माह्याच्यानंबी फिरवता येत नाई."

भांडायचं राहूनच गेलं. हा माणूस मला बांधायला मंचावर चढला नव्हता, स्वतःला बांधून घ्यायला चढला होता. मला रडूच फुटलं.

"तिथी धानच पिकते म्हणते तुही आई."

"हो बाबा."

"मंग जेवाचे हाल नाई होणार." मग दुसरीकडे बघत म्हणाले, "तिकीट आजच काढजो. उद्या मंडई उठते. मंग मी नुसता बापच राह्यतो, पुन्हा 'नाई' तोंडात येईन."

मी फोन काढला. पैसे भरायचं बटण समोर आलं आणि अंगठा पुढे सरकेना. तेव्हा मी खरी हबकले. इतके दिवस मीही बाबांच्या 'नाई'च्याच भरवशावर एवढे बेत करत होते. गावभर पुकारा झाला होता. आता मलाही फिरवता येणार नव्हतं.