खिळे कोण ठोकतं

सान बार्तोलो गावात निकानोर सुतारकामासाठी कधीच प्रसिद्ध नव्हता. गुड फ्रायडेला ख्रिस्ताला क्रुसावरून उतरवायच्या विधीत शिडीवर चढून लाकडी मूर्तीच्या डाव्या हाताचा खिळा काढायचा मान मात्र बावीस वर्षं त्याच्याकडे होता. खिळा वर धरून दाखवला की बायका हुंदके देत. एरवी त्याच बायका खुर्च्या डगमगतात म्हणून त्याच्याशी भांडत.

नियम एकच होता. देवाला खिळे ठोकणाऱ्यानं शिडीला शिवायचं नाही. ठोकतं कोण, ते कुणाला ठाऊक नव्हतं. दर वर्षी आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, चर्चची मागची खोली बंद होई, निकानोर दुकानात दिसत नसे, ठोकठोक चौकापर्यंत ऐकू येई. आणि गाव इतकं श्रद्धाळू की कुणाला काही ऐकूच येत नसे.

यंदा राजधानीतल्या विद्यापीठातून मिरेयाबाई आल्या. उपासना हा नाट्यप्रयोगच असतो, असा ग्रंथ त्या लिहीत होत्या. जुन्या खिळ्यांवरचे घाव त्यांनी निकानोरच्या हातोडीशी जुळवून पाहिले आणि बुधवारी भरसभेत आनंदानं जाहीर केलं, "ठोकणारा आणि काढणारा नट एकच आहे. निकानोरमिस्त्री."

सभा छताकडे बघू लागली. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

उत्सवाचे प्रमुख फुल्हेन्सियो खाकरले. "आता उघड बोललं गेलं, मिस्त्री. शिडी की हातोडी, एक काय ते धर."

"शिडी," निकानोर म्हणाला. शिडी गेली तर तो नुसता सुतार उरणार होता, आणि तोही असला.

गुरुवारी चर्चच्या मागच्या खोलीत ख्रिस्त आडव्या क्रुसावर मोकळ्या हातांनी पडून होता. हातोडीला कुणी हात लावेना. खिळेच नाहीत तर निकानोर उद्या शिडीवर चढून करणार काय?

"बाई, तुम्हीच ठोका," फुल्हेन्सियो अदबीनं म्हणाले. "नाटकच तर आहे."

"मी? अहो, मी देवबीव मानत नाही."

"मग तर उत्तमच. पापबीप लागायचं नाही."

बाईंनी ख्रिस्ताच्या झिजलेल्या तळव्यावर खिळा टेकवला. हातोडी उचलली. ती वरच राहिली. मग बाईंनी ती अलगद खाली ठेवली.

"मला नाही जमायचं," बाई म्हणाल्या.

"असू दे, बाई. तालीम नसली की असं होतं," फुल्हेन्सियो म्हणाले.

मग सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली. निकानोर तेवढा हत्यारं आवरायला मागे राहिला. शेवटी बाहेर पडलेल्या बाईंनीच दार ओढून घेतलं.

आत ठोकठोक सुरू झाली.

"काही ऐकू येतंय का, बाई?" दाराबाहेर फुल्हेन्सियोंनी विचारलं.

"छे," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी निकानोरनं डाव्या हाताचा खिळा वर धरला. बायका रडल्या. पहिल्या रांगेत मिरेयाबाईही रडत होत्या. अभ्यासाचाच भाग असावा.