धाकटी नाव, थोरली नाव

त्या दिवशी नावंत आमी सात जण हुतो. माजा पोरगा दत्ता, आदल्या दिवशी लगीन झाल्याली त्येची नवरी शेवंता, करवली म्हनून माजी धाकटी ल्येक सुमी, माजी जाऊ गोदा, शेजारची हलीमाबी, मी, आन सुकानाला आबा. आबा म्हंजे आमच्या गावचा नावाडी. त्येचं नाव मी लिवत न्हाय. त्येच्या पोरी नांदत्यात. तेंच्या सासरी कुनी वाचलं तर उगा बोलनी बसायची.

आबाची यक सवय हुती. नावंत कुनी उठलं की त्यो वरडायचा न्हाय. हाताचा पंजा पालथा करायचा आन खाली दाबायचा, वल्या मातीवर थाप मारल्यावानी. मग म्हनायचा, "बसा. द्येव बसल्याला बी नमस्कार घेतो."

ही आणीबाणी उठल्यावरची गोष्ट. भीमेवरच्या धरनाचं पानी चढलं, आमचं गाव खाली गेलं. आमाला वर माळावर वसवलं. टेंभुर्णीच्या बाजाराला वळसा घालून जायचं तर दिस मोडायचा, म्हनून नाव. आन वाटंत, पान्याखाली आमचा मारुती. शिखर बी दिसत न्हवतं, पर जागा सगळ्यास्नी ठावी. दोन वाळल्याल्या चिंचांचे शेंडे वर ऱ्हायले हुते, तेंच्या मधी देऊळ. नाव तितं आली की मानसं आपसूक उठायची आन हात जोडायची. तुमी बी उठला असता.

यकदा हलीमाबी म्हनली, "आबा, तुमच्या मारुतीला यवड्या पान्याखालनं दिसतंय का वो?"

"त्येला हितनं लंका दिसली," आबा म्हनला, "तुजं लुगडं न्हाय दिसनार व्हय? बस खाली."

आबाची जुनी लाकडाची नाव कुजून गेल्याली. धरनावर यक साहेब हुता, त्येनं हौसंनं मुंबईसनं दोन जुन्या शिडाच्या नावा आनल्याल्या. फायबरच्या. ना लाकूड, ना लोखंड. जिथं टवका उडल्याला तिथं हात लागला की आंगाला खाज सुटायची. साहेबाची बदली झाली आन नावा आबाला ऱ्हायल्या. धाकटी चार मानसांची, जुन्या दातावानी पिवळी पडल्याली. थोरली निळी, पोटाला रुंद, धा मानसं आरामात बसायची.

आबानं दोनी कशा पारखल्या ते मी धुनं धुताना बगितलंय. पयलं धाकटीच्या काठावर पाय दिला. ती लगीच कलली. आबा हासला. मग थोरलीत काठाजवळ हुबा ऱ्हायला. ती हालली न्हाय. आनखी यक पाऊल कडंला सरकला, तरी न्हाय. आनखी यक सरकला, तशी ती यकदम गेली. आबा पान्यात.

वर आला, मिशा पिळल्या आन मला म्हनला, "बगितलंस? धाकटी आदीच बोंबलती. थोरली साहेबावानी हाय. पोट मोटं, तोंड बंद. सांगत न्हाय आन जाती."

तवापासनं थोरलीत त्यो फकस्त पोती घालायचा. मानसं धाकटीतनं. दोन खेपा झाल्या तर झाल्या.

लगीन झालं की नवरानवरीनं मारुतीच्या पाया पडायचं, ही आमच्या गावची चाल. देऊळ बुडलं म्हनून चाल सुटली न्हाय. चिंचांच्या मधी जायाचं, पान्याला हळदकुकू वाह्यचं, नारळ सोडायचा. दत्ताच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आमी काठावर आलो. आबा धाकटी सोडाय लागला. "पयलं नवरानवरी आन करवली. मागनं तुमी."

मी म्हनलं, "नवऱ्यानवरीला सवाष्णीबिगर धाडू? समद्यांनी यका टायमाला वाह्यचं असतंय. थोरली काड."

"थोरली नगं. वारं हाय."

"सात तर मानसं हाईत. हात कापाय लागलं का आता तुजं? तसं सांग, दुसरा नावाडी बगते."

सगळी हासली. गोदा लईच हासली. आबानं माज्याकडं बगितलं आन गुमान थोरलीची दोरी सोडली. बसताना यवडंच म्हनला, "नारळ बसून सोडायचा."

चिंचा आल्या. दत्तानं नारळ सोडला, शेवंतानं हळदकुकू वाह्यलं. आन मी हुबी ऱ्हायले. पयली मीच. माज्यामागं गोदा उठली, हलीमाबी, सुमी, मग पोरगा आन नवरी बी. सगळी यकाच अंगाला, देवाच्या अंगाला. आबाचा पंजा खाली दाबताना मी बगितला. थोरली हालली न्हाय, म्हनून मी बसले न्हाय. हात जोडून हुते. शिडात वारं भरलं आन ती गेली.

फायबर बुडत न्हाय. नाव पालथी पडून तरंगाय लागली. आबानं मला आन गोदाला नावंवर वढलं, हलीमाबीला दत्तानं धरलं. नवरी आन सुमी शिडाखाली. आबा खाली गेला, शेवंताला केसाला धरून वर आनलं. पुन्ना गेला. पुन्ना गेला. चवथ्या टायमाला सुमीला घिऊन आला. तिच्या कपाळावरचं कुकू धुऊन गेल्यालं. ती धा वर्साची हुती.

फौजदार आला. म्हनला, येवढी मानसं थोरलीत कुनी घातली? आबा म्हनला, "नाव माजी, सुकान माजं." त्येनं माज्याकडं बगितलं बी न्हाय, आन नावंतल्या कुनी बी माजं नाव घेतलं न्हाय. मी पदर तोंडात कोंबून बसले हुते. सगळ्यास्नी वाटलं, पोरीसाठी.

मग गावानं त्येला 'बुडव्या' नाव ठिवलं. कुनी त्येच्या नावंत बसंना. थोरली काठाला पालथीच पडून ऱ्हायली, तिच्या बुडावर बाया गवऱ्या वाळवायच्या. धाकटी त्येनं वढत आनून झोपडीम्होरं ठिवली, आन तिच्यात बसून जाळी इनायचा. कोरड्या जमिनीवर.

वरीस झाल्यावर मी त्येच्याकडं गेले. म्हनलं, "आबा, मी सांगते गावाला. थोरली मी काडाय लावली. पयली मी उठले."

त्यो हातातलं जाळं इनतच हुता. मग हात सोडवला, पंजा पालथा केला आन खाली दाबला.

"बस," म्हनला. "सांगून पोरगी येती व्हय? सून नवी हाय. तुला त्या घरात ऱ्हायचंय."

मी बसले. लई वर्सं बसले. त्यो हुरड्याच्या दिसांत गेला. मातीला मोजून सहा मानसं, त्यातली दोन हलीमाबीच्या घरची. मी गेले न्हाय.

आता दत्ता न्हाय, गोदा न्हाय. ह्ये शेवंताला वाचून दाखवलं. ती उठून चुलीकडं गेली.

तुमी वाचताय तर यवडं करा. आमच्या माळावरच्या गावात कवा गेलात आन कुनी तुमाला बुडव्याची जागा म्हनून त्यो काठ दाखवला, तर तेंला सांगा, नाव त्येनं न्हाय बुडवली. माजं नाव सांगा. गावात सुमीची आई म्हनलं तरी कळतंय.