विशेषणं खोडणाऱ्या ताई

समोरच्याने काहीही सांगितलं, की ताई हातातली पेन्सिल उलटी करायच्या, खोडरबराचं टोक टेबलावर टेकवायच्या आणि विचारायच्या, "आधार?"

एवढंच. उद्या पाणी येणार नाही म्हणा, शेजारच्या बाईचा मुलगा दुबईला गेला म्हणा, ताईंचं आपलं "आधार?" ठरलेलं. असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्यांच्यासमोर निवांत गप्पा हाणायची सोय नसते.

कल्याणच्या एका जुन्या वाचनालयात आम्ही बरोबर काम करायचो. मी पुस्तकांच्या देवघेवीला आणि ताई वर्तमानपत्रांच्या विभागात. जुन्या अंकांचे बांधलेले गठ्ठे त्यांच्या ताब्यात. राहायला आंबिवलीला, भावाच्या शेजारी. नवरा लवकर गेलेला, मुलगी लग्न होऊन नाशिकला.

दुपारी वाचक पांगले, की ताई कॉम्प्युटरवर खुला विश्वकोश उघडून बसायच्या. तिथली पानं कुणीही लिहू शकतं, म्हणून कुणीही काहीही लिहितं. ताईंनी आपल्या भागातल्या पुढाऱ्यांची पानं हातात घेतली होती. पक्ष कुठलाही असो, 'विकासपुरुष', 'तडफदार', 'गोरगरिबांचे कैवारी' दिसलं की खोडायच्या. शिव्या दिसल्या तरी खोडायच्या. उरलेल्या प्रत्येक वाक्याला तळटीप, कुठल्या वर्तमानपत्रात कुठल्या तारखेला छापून आलंय त्याची.

"ताई, अर्धं पान गेलं की हो," मी एकदा म्हणालो.

"माणूसच तेवढा होता रे," त्या म्हणाल्या.

हे सगळं त्या स्वतःच्या पूर्ण नावाने करायच्या. टोपणनाव घ्या म्हटलं, तर म्हणायच्या, "का? चोरी करतेय का मी?"

त्यामुळे आमच्या आमदारसाहेबांच्या माणसांना त्यांना शोधायला वेळ लागला नाही. एका सकाळी चाळिशीतला एक कार्यकर्ता आला.

"मॅडम, साहेबांचं पेज तुम्ही बदललंत?"

"हो."

"साहेबांनी चार तलाव सुशोभित केलेत. ते का काढलं?"

पेन्सिल उलटी झाली. "आधार?"

त्या भल्या माणसाने खिशातून पाकीट काढलं आणि आपलं आधार कार्ड टेबलावर ठेवलं. मला हसू आवरेना. ताई हसल्या नाहीत. त्यांनी कार्ड त्याला परत दिलं, स्वतः उठून गठ्ठे काढले आणि तासभर शोधून एका तलावाची बातमी मिळवली. "एक सापडला. एक लिहिते."

"आणि ती केस? अधिकाऱ्याला धक्काबुक्कीची? ती कुणी सांगितली तुम्हाला?"

"तुझ्या साहेबांनीच. निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात आहे. खाली सही आहे त्यांची."

पंधरा दिवसांनी वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाने ताईंना बोलावलं. साहेबांच्या निधीतून आम्हाला नवीन अभ्यासिका मिळायची होती. मी चहा घेऊन आत गेलेलो, म्हणून हे ऐकलं. अध्यक्ष चांगले गृहस्थ होते. ते म्हणाले, "अहो, त्या केसची एक ओळ काढायची आहे. मुलांना बसायला जागा मिळेल."

"ओळ खोटी आहे का?"

"प्रश्न तो नाहीये."

"मग माझ्याकडे दुसरा प्रश्न नाही."

ताईंनी तिथेच कागद मागून राजीनामा लिहिला, चार ओळींचा. अध्यक्षांनी 'वैयक्तिक कारणास्तव' असं घालायला सांगितलं. "कारण वैयक्तिक नाहीये," म्हणत त्यांनी तसाच कागद पुढे सरकवला. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. मी चहाचे कप गोळा करून बाहेर आलो. त्याची लाज मला अजून वाटते.

पुढच्या निवडणुकीच्या तोंडावर मी आंबिवलीला त्यांच्याकडे गेलो, तर घरात भांडण चाललेलं. ताईंचा भाऊ विरोधी उमेदवाराचं काम करत होता. त्याच्या लोकांनी साहेबांच्या पानावर लिहिलं होतं, की साहेबांनी शाळेची जागा लाटली. ताईंनी ते खोडलं होतं.

"ज्याने तुझी नोकरी घालवली, त्याला वाचवतेस तू?" भाऊ ओरडत होता. "सगळ्या आंबिवलीला माहितीये गं हे!"

"मला पण माहितीये. कागद आण, मी स्वतः लिहिते. आज नुसतं ऐकलेलं ठेवलं, तर उद्या त्याच्या माणसांनी लिहिलेलं कुठल्या तोंडाने खोडू?"

भाऊ चपला घालून निघून गेला. पुढे वर्षभर तो शेजारी असून बोलत नव्हता. ताई रोज भाजी करून त्याच्या दारात वाटी ठेवायच्या. वाटी रिकामी परत यायची, शब्द मात्र यायचा नाही.

आणि साहेबांकडून काय आलं असेल? शाल! निवडून आल्यावर तोच कार्यकर्ता शाल-नारळ घेऊन हजर. "मॅडम, साहेब म्हणाले, तुम्ही आपली बाजू घेतलीत."

"मी कुणाची बाजू घेतली नाही. त्यांना सांग, केस अजून पानावर आहे."

दारात जानेवारीचा गार वारा. ताईंनी शाल उलगडली आणि त्याच्याच खांद्यावर टाकली. "तूच घाल. गाडीवरून जायचंय ना तुला? सावकाश जा."

गेल्या दिवाळीनंतर ताई गेल्या. कावीळ झाली, आठ दिवसांत सगळं आटोपलं. भाऊ दवाखान्यात शेवटपर्यंत उशाशी होता.

महिन्याभराने मला कळलं, की साहेबांच्या पानावरून केसची ओळ कुणीतरी काढलीये. आता मंडळाचा विचार करायचा नाही असं ठरवून मी वाचनालयात सकाळी लवकर गेलो. गठ्ठ्यातून साहेबांच्या प्रतिज्ञापत्राची बातमी शोधली, तारीख लिहून घेतली, आयुष्यात पहिल्यांदा त्या विश्वकोशात स्वतःच्या पूर्ण नावाने खातं काढलं आणि पान उघडलं.

ओळ जागेवर होती. तळटीपही होती. पहाटेच कुणीतरी ती परत लिहिली होती. बदलांच्या यादीत मी नाव आणि त्यापुढची ओळख वाचली. चिपळूणकडची कुणी मुलगी. तिने ताईंना कधी पाहिलेलंही नसणार.